उभी काठी

बाबा, आज सुट्टी आहे. खोलीतले बाकीचे तिघं बाजारात गेले, म्हणून लिहायला बसलो. सातवीनंतर पेन फक्त हजेरीच्या सहीपुरता धरला, तर अक्षर पाहून हसू नका. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. इथं गुजरातमध्ये, टाइल्सच्या या कारखान्यात, आपली बोली बोलणारं आता कोणी राहिलं नाही. कधीकधी आठवडाभर 'काहून' हा शब्दसुद्धा तोंडातून निघत नाही.

परवा गेटवर गर्दी झाली. भट्टीजवळ काम करणारा ओडिशाचा एक माणूस गरमीनं कोसळला, आणि प्यायच्या पाण्याची टाकी चार दिवसांपासून कोरडी. आम्ही साठ-सत्तर जण काम सोडून बाहेर आलो. मागणी एवढीच, पाणी द्या. मागून कोणीतरी टाइलचा तुकडा ऑफिसच्या काचेवर भिरकावला, तसा मी पायरीवर चढलो आणि हात वर केला. सरळ वर, पंजा उघडा. थांबा म्हणून. कोणीच थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं मोबाइलवरचा फोटो माझ्यापुढं धरला. मी ओरडतोय, हात वर, मागं फुटकी काच. "तू तो लीडर निकला रे," तो म्हणाला. मी म्हटलं, मैं तो रोक रहा था. तो हसला. "सब यही बोलते हैं."

तेव्हापासून तुमची काठी डोळ्यांपुढून हलत नाही.

तुम्ही गावचे पाणकर. तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ जाईल ते तुम्ही ठरवायचे, आणि मी तलावाच्या उंच पारीवर, तुडुमाच्या दाराजवळ बसून ते सोडायचो. एवढ्या दुरून आवाज कुठं पोचतो. तुम्ही धानातून काठी दाखवायचे. तिरपी धरली की पाणी सोड, उभी धरली की बंद. सारा गाव ती काठी ओळखायचा. एकदा तुम्ही कोणावर तरी हातवारे करत चिडले होते, मला वाटलं माझ्यावरच चिडून राहिले, घाबरून मी पाणी सोडून दिलं. काठी तर उभीच होती. पाण्याच्या जोरानं कोणाच्या तरी बांधीची धुरा फुटली. संध्याकाळी तुम्ही मारलं नाही, फक्त म्हणाले, "मानूस ओरडून राह्यला का हासून राह्यला, थे पाह्याचं नाई बे. काठी पाह्याची." मी मान हलवली. त्या दिवशी आईनं चुलीवर भाजलेली मासोळी तुम्ही तुमच्या ताटातली माझ्या ताटात टाकली.

मग ते साल. धान निसवायला आलं, तलाव आटला, कालव्याचं पाणी सुटेना. गावच्या गाव लाखनीला जाऊन हायवेवर बसलं. मी इथं येऊन तेव्हा दुसरं वर्ष होतं. नागपूरकडचा एक जण माझ्यासोबत भट्टीवर असायचा, त्यानं मोबाइलवर पेपरातला फोटो दाखवला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, संतप्त जमावाचा महामार्गावर धुडगूस. फोटोत तुम्ही. ट्रकच्या पायदानावर चढलेले, तोंड उघडं, काठी वर, आत ड्रायव्हर डोक्यावर हात घेऊन वाकलेला. "तुमच्याकडचे लोकं लय डेंजर बे," तो म्हणाला. "हा बुढा तं पाह्य. ओळखते का तू याले?"

मी म्हटलं, "नाई."

तरी फोटो मागून घेतला, आणि जेवणाच्या सुट्टीत तुम्हाला फोन लावला. "बाबा, काहून गेलते तिथं? गुंडावानी दिसून राह्यले पेपरात. मले इथं तोंड दाखवाची सोय नाई ठेवली." तुम्ही विचारलं, "फोटोत काठी उभी हाये का तिरपी?"

मला रागच आला. म्हटलं, "काठी काय पाहू आता? तिरपीच हाये."

"बरं," तुम्ही म्हणाले. "जेवला का तू?"

पुढचं सगळं आईनं सांगितलं, तुमच्या तेरवीला. सकाळपासून रस्त्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणं चालू होतं, बायांनी खिचडी मांडली होती, त्या ट्रकवाल्यानंही दोनदा घेतली. "मावशे, असाच रस्ता रोज बंद ठेवत जा," म्हणाला म्हणे. दुपारी एका गाडीनं गर्दीत घुसायचं पाहिलं, तसे लोक भलतेच चिडले, आणि बाहेरगावच्या काही पोट्ट्यांनी सापडला तो ट्रक धरला. दगड उचलले. तुम्ही पायदानावर चढले आणि काठी उभी धरली. आपल्या गावचे होते तेवढे जागच्या जागी खाली बसले. बाकीच्यांना काय कळणार. काठी उगारलेली पाहून त्यांना आणखीच जोर आला, आणि फोटो काढणाराही त्यांच्यासारखाच बाहेरचा.

आईनं आणखी एक सांगितलं, ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही. माझ्या फोननंतर तुम्ही तिला पारीवर उभं करायचे, स्वतः दूर बांधीत जाऊन काठी धरायचे, आणि परत येऊन विचारायचे, "सरळ दिसली का? का माहा हात कापून राह्यला?" ती म्हणायची, सरळ आहे. तुम्ही म्हणायचे, "तू मन राखून राह्यली. पोरगा खोटं नाई सांगनार." रब्बीला तुम्ही काठी दुसऱ्याच्या हातात दिली. उन्हाळ्यात गेले.

आता खोलीतले येतील. हा कागद कुठं टाकायचा ते मला माहीत नाही, घडी करून उशीच्या खोळीत ठेवतो. चार मोबाइल बदलले, पण तो फोटो अजून आहे. फोन केला तेव्हा तो माझ्या हातातच होता, बाबा. काठी उभी होती. मला पहिल्याच नजरेत दिसली होती.