जोसलिनचे चौदा डुकाने

मी, इस्मे अर्नेस्टीन लूबी, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार सीटन्स, अँटिग्वा, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. उजवा हात डिसेंबरपासून ठिकाणावर नाही, म्हणून मी सांगते आणि निवृत्त शिक्षक कॅल्व्हर्ट वेस्टन लिहून घेतात. ते मध्येमध्ये माझी भाषा सुधारतात. तेवढे सोडल्यास माझ्यावर कोणाचा दबाव नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. मरायला सवड नव्हती.

कलम १. माझे दोन खोल्यांचे लाकडी घर, खालची जमीन आणि मागच्या केळी, हे सर्व माझी एकुलती एक मुलगी जोसलिन, राहणार लेस्टर, इंग्लंड, हिला द्यावे. ती विकेल. विकू दे. गेल्या एकतीस वर्षांत ती दोनदा आली आणि दोन्ही वेळा हॉटेलात उतरली. घेणारा आधी केळी तोडील, हे मला आत्ताच दिसते आहे.

कलम २. बँकेत जे आहे त्यातून माझी शवपेटी आणि आलेल्यांचे जेवण करावे. उरेल ते चर्चच्या छपराला. पाद्रीसाहेबांनी माझ्याविषयी दहा मिनिटांहून जास्त बोलू नये. त्यांना माझी माहिती तेवढीच आहे.

कलम ३. मोठा लोखंडी हंडा शेजारीण इनेझ फेरिस हिला, कारण तिचा गळतो. किसणी तिला मिळणार नाही. परवा माझ्या उशाशी बसून म्हणाली, "अगं इस्मे, तुझी लेक काही इंग्लंडहून रताळी किसायला यायची नाही. दे की मला." खरे बोलली, म्हणूनच द्यायची नाही. शिवाय जी बाई केळीचे पान सोडून फॉइलमध्ये रताळ्याचे डुकाने गुंडाळते आणि वर चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसते, तिच्या हाती माझ्या बापाची किसणी गेलेली मला मेल्यावरही बघवणार नाही.

कलम ४. ती किसणी माझ्या बापाने तेलाच्या डब्याचा पत्रा खिळ्याने टोचून केली. माझ्या बोटांची सालटी तिच्यावर गेली. ती जोसलिनला द्यावी. तिला नको असल्यास माझ्या शवपेटीत ठेवावी.

कलम ५. मास्तर म्हणतात, "मिस इस्मे, निदान रीत तरी सांगून ठेवा, नाहीतर तुमच्याबरोबर जाईल."

घ्या लिहून. रताळी किसायची, एक नारळ किसायचा, साखर, मैदा, जायफळ, आले, चिमूटभर मीठ.

"मैदा किती?"

"कीस हातात गोळा धरेपर्यंत."

"म्हणजे किती कप?"

"मास्तर, तुम्ही चाळीस वर्षं मुलांना छड्या मारल्यात, त्या कपाने मोजून मारल्यात का?"

पान विस्तवावरून फिरवून मऊ करायचे, त्यात सारण भरून घडी घालायची, केळीच्या सोपटाच्या दोरीने बांधायचे आणि पाणी खळखळल्यावरच पुड्या आत सोडायच्या. तासाभराने काढायच्या. गुड फ्रायडेला खारवलेल्या माशाबरोबर खायच्या आणि शेजाऱ्यांकडे ताटे पाठवायची. एवढे ऐकून कोणाला डुकाना जमला तर मी तो खायला उठून येईन. रीत हातात असते आणि हात तर गेला. हे कलम निरुपयोगी आहे. मास्तर खोडू नका म्हणतात, म्हणून राहू दिले आहे.

कलम ६. हे कलम मालमत्तेचे नाही, पण याच्यासाठीच मास्तरांना बोलावले.

खणलेले रताळे दोन आठवडे खाटेखाली पडून मुरावे लागते. ताजे रताळे पाणी सोडते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. १९८० साली माझी मुरलेली सगळी रताळी मी चर्चच्या विक्रीला दिली. लोकांनी म्हणावे, इस्मेसारखी रताळी गावात नाहीत. म्हटलेही. मग गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी पावसात भिजलेल्या वाफ्यातून घरच्यासाठी ताजी खणली आणि जोसलिनपुढे ओतली. ती सतरा वर्षांची होती. पहिल्यांदाच सगळे एकटीने करत होती. मला म्हणाली, "मम्मी, आज तू बसून राहा."

दुपारी इनेझसमोर मी पहिली पुडी उलगडली. आत लगदा. मी ओरडले, "याला डुकाना म्हणतात? पेज आहे ही!"

इनेझ खिदळली, "राहू दे गं इस्मे! हिला दात पडलेला नवरा बघू म्हणजे झालं!"

मी चौदाच्या चौदा पुड्या पानांसकट डुकरांच्या डोणीत ओतल्या. जोसलिनने हंडा घासला. सप्टेंबरात नर्सिंग शिकायला इंग्लंडला गेली आणि त्यानंतर तिने कधी रताळे किसले नाही.

मास्तर म्हणाले, "हे कागदावर कशाला? फोन करून सांगा ना तिला!" केला मास्तर, गेल्या रविवारी केला.

"जोसलिन, त्या गुड फ्रायडेचे डुकाने..."

"कोणते, मम्मी?"

"तू केलेले. मी डुकरांना घातले ते."

"काय आठवत बसतेस गं! मला नाही आठवत. इथं दुकानात गोठवलेले मिळतात, दोन मिनिटांत गरम होतात. गोळ्या घेतल्यास का?"

तिला खरोखर आठवत नाही, की आठवते म्हणूनच आठवत नाही, हे मला कळले नाही. आता कळणारही नाही. गोळ्या घेतल्या म्हणून सांगितले.

हे वाचून दाखवतील तेव्हा ती "बरं" म्हणेल आणि घराला गिऱ्हाईक आहे का विचारील. मला आशा नाही. तरी दोन साक्षीदारांसमोर, देवाला स्मरून मी सांगते: रताळी ओली होती. पुड्या तिने एकटीने बांधल्या होत्या आणि हंड्यात तासभर उकळूनही एकीचीही गाठ सुटली नव्हती. माझ्या सुटायच्या. मुलगी कुठेही चुकली नव्हती. पहिली पुडी उलगडताच मला ते कळले होते. इनेझ बघत होती, म्हणून मी ओरडले.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. बरोबर आहे.

इस्मे अर्नेस्टीन लूबी
(डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही:
१. कॅल्व्हर्ट वेस्टन, निवृत्त शिक्षक
२. डेल्फीन टाँज, परिचारिका

स्थळ: सीटन्स, अँटिग्वा
दिनांक: १४ मार्च २०११