चोवीस खणांची बिल्टी

दिनांक १९ नोव्हेंबर, सकाळी

चि. बारकीस,

दादाचा आशीर्वाद. तू आता बावन्न वर्षांची झालीस, दुकानावर तुझ्या नावाची पाटी लागली, तरी माझ्या लेखी तू बारकीच. त्याला इलाज नाही. तू, मेहुणे आणि लेक मजेत असाल. इकडे आम्हीही ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण वहिनी गुडघ्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे तब्येत बरी आहे असं समज. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो मी स्वतः दुरुस्त केला. आता शेजारचाही गळतो.

तुझे चार फोन आले, मी उचलले नाहीत. मेसेज मात्र वाचले. ‘दादा, बाबांची पेटी बारा दिवस एकाच ठिकाणी अडकलेली दिसतेय, काय झालंय?’ हा एक. ‘आणि नऊ नंबरचा खण रिकामा कसा?’ हा दुसरा. दोन्हींची उत्तरं याच पत्रात देतो, पण मला माझ्या क्रमाने लिहू दे. फोनवर तू मध्येच बोलतेस, मग मी चिडतो आणि सांगायचं ते बाजूलाच राहतं.

आधी कामाचं. घड्याळांच्या काचा आणि पट्टे लांबून ऑनलाइन मागवायचा तुझा विचार आहे, असं तू म्हणाली होतीस. जरूर मागव. पण माल आणणारी कंपनी खरी की खोटी ते आधी बघ. हल्ली नेटवर मालवाहतुकीच्या नावाने नुसती दुकानं थाटून बसलेत लोक. मागे गोदाम नाही, ट्रक नाही, हमाल नाही. एक वेबसाइट आणि एक मोबाइल, संपला कारभार.

पहिली गोष्ट, पत्ता. पत्ता दिलेला असतोच, आणि तो छान मोठा असतो, इमारत, मजला, सगळं. तिथे कोणाला तरी प्रत्यक्ष पाठव. मी स्वतः गेलो होतो. का गेलो ते पुढे येईल. त्या पत्त्यावर गाद्यांचं दुकान निघालं. मालक एका गादीवर आडवा होऊन हिशोब करत होता. मला बघून उठलासुद्धा नाही. म्हणाला, “तुमचं काय गेलं? परवा एक बाई फ्रिज शोधत आल्या होत्या. त्याआधी एक जण मोटरसायकल. मी गाद्या विकतो हो काका, पाहिजे तर बघा.”

दुसरं, त्यांचं ट्रॅकिंग. पेटी आज इथे, उद्या तिथे, असं रोज पुढे सरकताना दिसतं. आपण खूश. पण तो नंबर त्यांच्याच वेबसाइटवर चालतो, दुसरीकडे कुठेही टाकला तर काही दिसत नाही. कोणीतरी घरात बसून आज या गावाचं नाव टाकतो, उद्या त्या गावाचं. तू आणि मी दोघंही रोज सकाळी ते बघत होतो, आणि माझी सकाळ त्यामुळे चांगली जायची, हेही सांगून टाकतो.

मग एक दिवस पेटी अडकते. विम्याचे पैसे भरा, पोचल्यावर परत मिळतील. भरले की गोदामभाडं निघतं. ते भरलं की आणखी काही. आणि पैसे जातात कंपनीच्या खात्यात नाही, कुणा एका माणसाच्या खात्यात. मी दोनदा भरले. तिसऱ्यांदा तुझ्या वहिनीने फोन हातातून काढून घेतला आणि म्हणाली, “एकतीस वर्षं ट्रान्सपोर्टच्या वजनकाट्यावर बसून तुम्ही कोणाला एक पैसा जादा दिला नाहीत, आणि आता हे काय चाललंय?”

तर बारके, झालं ते हे असं. पेटी अडकलेली नाही. पेटी गेली. बाबांची चोवीस खणांची पेटी, त्यातले चिमटे, स्क्रू-ड्रायव्हर, स्प्रिंगा, काटे, प्रत्येक खणावर बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी, सगळं गेलं. पोलिसात तक्रार दिली आहे, तिची प्रत सोबत जोडली आहे. तिथला हवालदार भला माणूस होता, पण त्याने पेटीची किंमत विचारली तेव्हा मला काही सांगता येईना. शेवटी त्याने ‘जुनी हत्यारे’ असं लिहिलं. रविवारी जुन्या बाजारात जाऊन हत्यारं विकणाऱ्यांच्या सगळ्या पथाऱ्या बघून येतो. अजून काही सापडलं नाही.

तुझ्या मनात आत्ता काय आलं असेल ते मला ठाऊक आहे. दादाने पेटी पाठवलीच नाही. अकरा वर्षं अडवून ठेवली, आता हो म्हणाला आणि शेवटच्या घटकेला पुन्हा हात आखडता घेतला. तुला तसं वाटलं तर तुझी चूक नाही. बाबा गेल्यावर तू रिकामी पिशवी घेऊन आली होतीस आणि मी चार नातेवाइकांसमोर म्हणालो होतो, “तुला काय करायचीय पेटी? मुलगा मी आहे.” तू चहा अर्धा ठेवून निघून गेलीस. ज्याला घड्याळाचं झाकण उघडता येत नाही तो मुलगा, आणि जी दहाव्या वर्षी बाबांच्या शेजारी स्टुलावर बसून केसाएवढी स्प्रिंग बसवायची ती कोणी नाही. त्या पेटीवर मी अकरा वर्षं रेडिओ ठेवला. तू मात्र उसन्या हत्यारांवर दुकान उभं केलंस. मला याची लाज वाटते. हे वाक्य लिहायला मला तीन कागद लागले.

आता मी फसलो कसा ते ऐक, कारण इतर लोक फसतात तसा मी फसलो नाही. माझं आपलं निराळंच.

त्यांनी मला बिल्टीचा नमुना पाठवला. बिल्टी म्हणजे माल कोणाचा, कुठून कुठे, किती वजनाचा, याची ट्रान्सपोर्टवाल्याने द्यायची पावती. मी आयुष्यभर तीच लिहिली. त्यांचा नमुना अगदी भिकार होता. माल घेणाऱ्याच्या सहीला जागा नाही, नग किती त्याचा रकाना नाही, मोडतोड झाली तर जबाबदारी कोणाची त्याचा उल्लेख नाही. तिथेच मी ओळखायला हवं होतं. त्याऐवजी मी चष्मा लावला आणि त्यांना सात चुका काढून पाठवल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘सर, तुमच्यासारखा जाणकार आम्हाला आजवर भेटला नाही. सगळ्या सुधारणा केल्या आहेत.’ सोबत नवी बिल्टी, माझ्या सातही दुरुस्त्यांसकट. मी फुगलो. ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारलं नव्हतं, बारके. घरात मला फक्त दूध आणलं का एवढंच विचारतात.

दोन माणसं टेम्पो घेऊन आली. पेटी उचलली. मी म्हटलं, “वजन?” तर एक जण म्हणाला, “काका, तुम्ही सांगाल तेच लिहितो.” एकतीस वर्षांत मी कोणाच्या तोंडच्या वजनावर माल सोडला नाही. व्यापारी शपथा घ्यायचे, तरी काट्यावर चढवायला लावायचो. आणि त्या दिवशी ‘तुम्ही सांगाल तेच’ ऐकून इतकं बरं वाटलं की मी स्वतःच पेन घेतलं आणि सगळी बिल्टी माझ्या हाताने भरली. नंतर ती पाहताना मला वाटायचं, काय चोख कागद आहे, ही कंपनी खोटी असूच शकत नाही. चोख असणारच. मीच लिहिला होता.

गाद्यांच्या दुकानातून मी सरळ जुन्या ऑफिसात गेलो. तिथे पाऊल टाकणार नाही असं म्हणून बाहेर पडलो होतो, कारण माझं टेबल त्यांनी एका कॉम्प्युटरवाल्या मुलीला दिलं. तीच मुलगी भेटली. तिने मला खुर्ची दिली, माझीच जुनी खुर्ची, आणि दहा मिनिटांत सगळं उलगडून दाखवलं. नोंदणीचा नंबर दुसऱ्याच कंपनीचा. गोदामाचा फोटो दुसऱ्याच देशातल्या गोदामाचा. वेबसाइट दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेली आणि वर ‘पंचवीस वर्षांची सेवा’. कौतुक करणारे पन्नास ग्राहक, सगळे एकाच आठवड्यात लिहिते झालेले. शेवटी बिल्टी हातात घेऊन ती म्हणाली, “काका, पण ही एक गोष्ट मात्र एकदम बरोबर केलीय त्यांनी. हे काम माहीतगार माणसाचं आहे.” मी पाणी मागितलं. त्या फ्रिजवाल्या बाईंनाही माझ्याच सात सुधारणांची बिल्टी मिळाली असणार. पोलिसांना मी हेही सांगितलं.

तू यातलं एवढंच लक्षात ठेव. माल मागवण्याआधी कंपनीचा नंबर सरकारी यादीत स्वतः तपास, त्यांनी दिलेला फोन न लावता दुसरीकडून नंबर मिळव, आणि कोणी फार मान देऊ लागलं तर आधी काट्यावर वजन करायला लाव.

खरं म्हणजे कंपनीची गरजच नव्हती. ‘मी येऊन नेते’ असं तू म्हणाली होतीस. मी म्हटलं, “अगं, जन्मभर माल पाठवलाय मी, तू कशाला हेलपाटा घालतेस?” ती थाप होती. तू दारात आलीस तर तुझ्या तोंडाकडे बघायचं कसं, हे मला कळत नव्हतं. म्हणून परक्या माणसांच्या हातात पेटी दिली आणि सुटलो.

राहिला नऊ नंबरचा खण.

पेटी बांधण्याआधी मी यादी केली होती, ती तुला पाठवली. खण एक, चिमटे. खण दोन, किल्ल्या. अशी चोवीसपर्यंत. नवव्यापुढे ‘रिकामा’ लिहिलं. तू तेव्हाही विचारलंस, कारण त्या खणावर बाबांनी ‘भिंग’ असं लिहिलंय हे तुला पाठ आहे. मी म्हटलं, बाबांच्या वेळीच हरवलं असेल. हरवलं नव्हतं. खण उघडला तेव्हा भिंग आतच होतं, बाबांच्या रुमालात गुंडाळलेलं, डोळ्याला लावायची काळी कड झिजून पांढरी पडलेली. सगळी पेटी तुला चालली होती. मला वाटलं, एवढं एक आपल्याला असावं. मी ते काढून कपाटात कपड्यांखाली ठेवलं आणि यादीत खोटं लिहिलं. माझ्या नोकरीत मी एकही खोटी नोंद केली नाही. केली ती तुझ्यासाठीच्या यादीत.

मी सरळ वागलो असतो तर तेही गेलं असतं. तुझ्या वाट्याचं चोरलं, म्हणून तेवढं उरलं. यावर मी आठ दिवस विचार करतोय आणि मला काही सुचत नाही. तुला काही सुचलं तर सांग.

गुरुवारी सकाळच्या बसने येतो. पार्सल नाही, कंपनी नाही. भिंग शर्टाच्या आतल्या खिशात, बाबांच्याच रुमालात. दुपारी पोचेन. घरचं दार उघडलं नाहीस तर दुकानात येईन आणि गिऱ्हाइकासारखा काउंटरसमोर उभा राहीन. तुझ्यापुढे कोणाचं घड्याळ उघडलेलं असेल तर ते होऊ दे, मी थांबेन. तू ते भिंग डोळ्याला लावलेलं मला एकदा बघायचंय. मग लगेच परतीची बस आहे.

सही घेतल्याशिवाय मी आजवर कोणाच्या हातात काही दिलं नाही. तुझ्याकडून घेणार नाही.

पोच न मागता,
तुझा दादा