चादरीचे कोपरे

ता. ४ मार्च

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बेबीला हॉटेलवाल्यांनी चाचणीला बोलावलं, हे वाचून फार बरं वाटलं. वर्षभर त्या प्रशिक्षण वर्गात ती खोल्या आवरायला, पलंग लावायला शिकली. तिला शिकायला वेळ लागतो, पण शिकलेलं ती जन्मात विसरत नाही. माझ्या संस्कृतच्या विद्यार्थ्यांचं नेमकं उलटं! एकच सांगणं. बत्तीस वर्षांच्या मुलीबरोबर आईने फाटकापर्यंतच जावं. तू आत गेलीस तर नोकरी तुलाच लागायची.

लोभ माझ्यावर असावा. लेकीवरचा जरा आवरता घ्यावा, ही विनंती.

तुझा,
भाऊ

ता. १६ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आशीर्वाद.

नोकरी हुकली. मी फाटकाशी थांबले नाही रे. बेबी पलंग लावून अभ्रे आणायला गेली, तेवढ्यात मी खोलीत डोकावले. चादरीच्या कोपऱ्यांना तिरक्या घड्या दिसल्या. वाटलं, चुकली पोर. घाईघाईने सगळे कोपरे गादीखाली कोंबले, आपण घरी कोंबतो तसे. सुपरवायझरबाई आल्या आणि म्हणाल्या, तिरकी घडी तर पहिल्याच आठवड्यात शिकवतात, हिला एवढंही येत नाही? बेबीने पलंगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने माझं नाव घेतलं नाही. मीही तिथे कबूल केलं नाही, हेच गिळवत नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगितलं, तोवर दुसरीला घेतलं होतं. बेबी माझ्याशी बोलत नाही. थोडे दिवस तुझ्याकडे पाठवू का?

तिला सांभाळ. नाही, नको सांभाळूस. नुसतं राहू दे.

तुझी,
ताई

ता. २ एप्रिल

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बेबी मजेत आहे. जुन्या पोथ्यांत मागाहून घुसडलेल्या ओळी हुडकणं हा माझा धंदा. घुसडणारे बहुधा भक्तच निघतात, तेव्हा तुला काय बोलू? काल ती चहा गाळत होती, तर माझाच हात गाळणीकडे गेला. तिने तो उचलून बाजूला ठेवला.

रोज सकाळी ती माझा पलंग लावते. घड्या इतक्या नेटक्या, की मोडवत नाहीत. दुपारी मी खुर्चीतच पेंगतो.

ती पुन्हा वर्गाला जाणार म्हणते. पुढच्या चाचणीचं मात्र आईला सांगायचं नाही, असं तिने बजावलं आहे आणि मी कबूल झालो आहे. तेव्हा ताई, तारीख मला कळली तरी तुला कळणार नाही.

रागावू नकोस. लोभ असावा, फाटकाबाहेर का होईना.

तुझा,
भाऊ