डल्सीच्या पाच चाली

मडी फोर्क, केंटकी
ता. ९ सप्टेंबर १८९२

चि. थॅडियस यास अल्मायराताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

जत्रेचा निकाल एकदाचा लागला, आणि कालपासून बाबांनी घास तोंडात घातलेला नाही. आपल्या डल्सी घोडीच्या आईचे कागद नाहीत, म्हणून परीक्षकाने स्वतः बसून तिच्या पाचही चाली पसंत केल्या, तरच घोडेपैदास मंडळाच्या वंशावळीत तिचं नाव चढणार होतं. रोगी पाहून परतताना खोगिरातच डुलकी काढता यावी, एवढ्यासाठी बाबा तीस वर्षं ही पैदास घडवत आले.

परीक्षक होते कर्नल क्रचफील्ड. रस्सा आणि व्हिस्की रिचवून ते डल्सीवर चढले. दुडकीला डोळे जड झाले, दौडीत हनुवटी छातीला टेकली आणि संथ आणि वेगवान अशा दोन्ही रवाल चाली त्यांनी चक्क घोरत पार केल्या. डल्सीला क्रम पाठच. तिने फेऱ्या पुऱ्या करून त्यांना पायरीशी आणून उभं केलं. सगळं मैदान पाहत होतं. जागे होऊन साहेबांनी लिहिलं, चाल खडबडीत, नोंद नामंजूर. खरं लिहायचं तर झोपलो हे कबूल करावं लागलं असतं.

बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. पुढची जत्रा ते पाहतील असं मला वाटत नाही, आणि त्याची फार भीती वाटते.

पत्रं रोडावली तरी लोभ रोडावू नये.
तुझी ताई अल्मायरा

लुईव्हिल
ता. १६ सप्टेंबर

ती. ताईस थॅडियसचे सा. न. वि. वि.

मंडळाच्या चिटणिसांना भेटलो. परीक्षकाने स्वतः शब्द मागे घेतला तरच काही होईल, म्हणाले. कर्नल कसले घेतात? लढाईत त्यांनी लष्कराला मोजे पुरवले, पण माघारीचं नाव काढलं की अजून मिशी थरथरते. इथल्या क्लबात मात्र ते सांगत फिरतात की, पाठदुखीने जूनपासून डोळ्याला डोळा लागलेला नाही. मी हसू दाबून बसलो. बाबांना दोन घास तरी भरव.

धाकट्यावर लोभ आहे तो वाढावा.
थॅडियस

मडी फोर्क
ता. ९ ऑक्टोबर

चि. थॅडियस यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात कर्नल हॅट हातात घेऊन दारात आले. डल्सी मागत होते, म्हणाल ती किंमत देतो म्हणाले. बाबांनी गंभीरपणे त्यांची पाठ तपासली आणि सांगितलं की, इतकी खडबडीत घोडी अशा पाठीला द्यायला डॉक्टर म्हणून माझं मन धजत नाही. कर्नल बराच वेळ हॅट फिरवत बसले. मग त्यांनी दौत मागितली आणि पाचही चाली लोण्यासारख्या आहेत असं सहीनिशी लिहून दिलं. बाबांनी कागद खिशात घातला आणि घोडी विकायची नाही म्हणाले.

माणसाचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. बाबांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी औषध लिहून दिलं, दर रविवारी डल्सीवर कुरणाच्या चार फेऱ्या.

आज तिसरा रविवार. वंशावळीत नाव चढल्याचं पत्र कालच आलं. कर्नल आत्ता कुरणात घोरत फिरताहेत, आणि बाबा कुंपणापाशी खुर्ची टाकून दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेताहेत.

तुझा लोभ असाच राहो.
ताई