द्राक्षमळ्यातली सोपी वाट आणि जावयाची वही

ती. ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि आता तुला माळ्यावरची जळमटंसुद्धा दिसतात, हे वाचून आनंद झाला (तुझ्या सुनेलाही झाला का, ते विचारत नाही). इकडे सर्व क्षेम आहे, माझा उजवा गुडघा सोडून. तोही शनिवारपर्यंत माझं ऐकत होता. रविवारी जे घडलं ते तुला सविस्तर लिहायलाच हवं, कारण घरातली सगळी माणसं माझ्याविरुद्ध एक झाली आहेत, अशी दिवसभर माझी खात्री होती.

आमचे जावईबापू तुला ठाऊक आहेत. सर्वेक्षणाच्या कचेरीत नकाशे काढतात. माणूस शांत, निर्व्यसनी, पण चालण्याशी उभा दावा. कोपऱ्यावरून साबणाची वडी आणायला स्कूटर काढणारा हा गृहस्थ बुधवारी फोनवर मला म्हणतो, "बाबा, रविवारी सगळे मिळून द्राक्षमळ्यांतून पायी फिरू. सहाच किलोमीटर. लहानथोर सगळ्यांना झेपेल अशी वाट आहे." आता मी बाटल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं बाटल्या उजेडासमोर धरून तडे शोधले आहेत, मला वाक्यातलाही तडा दिसतो. "लहान" म्हणजे आमची सात वर्षांची नात, मग "थोर" कोण? मी काही बोलणार एवढ्यात तुझी भावजय आतून नवे बूट घेऊन आली. माझ्या मापाचे. ताई, फोन अजून चालू होता! म्हणजे बूट आधी आले आणि बेत मागून. मी मुकाट्याने पाय घालून पाहिले. बसले. त्याचाही मला संशय आला.

रविवारी सकाळी बसने निघालो. कंडक्टरने मला दोनदा विचारलं कुठे जायचं म्हणून, पण जावईबापूंना काहीएक न विचारता शेवटच्या थांब्याचं तिकीट फाडून दिलं, वर "आज फौज आणलीत?" असं म्हणून हसला. मी लेकीकडे पाहिलं. लेक खिडकीबाहेर बघायला लागली. (लहानपणी बरणी फोडली तेव्हाही ती अशीच खिडकीबाहेर बघत होती.)

वाट मात्र चांगली होती, हे कबूल करतो. दोन्ही बाजूंना खांब, खांबांना ताणलेल्या तारा, तारांवर वेली आणि पानांआड अर्धवट रंग चढलेले घोस. मधून गाडीवाट, जेमतेम चढाची. प्रत्येक ओळीच्या टोकाला एकेक गुलाबाचं झाड लावलेलं. द्राक्षांच्या मळ्यात गुलाबाचं काय काम, म्हणून मी एका मळेवाल्याला हटकलं. तो कात्री खिशात घालून म्हणाला, "रोग यायचा असला की आधी गुलाबावर दिसतो, काका. मग आम्ही जागे होतो." मला तो माणूस फार आवडला. संशयाची रीतसर लागवड करणारा इसम मी प्रथमच पाहिला. पण निघताना त्यानेही जावईबापूंच्या खांद्यावर थाप मारली आणि हळूच विचारलं, "हेच का ते?" मी मागे वळलो तर दोघेही पानं बघत होते.

पुढे गाव लागलं. पहिल्यांदा गावकीचा धुण्याचा हौद, दगडी, वर कौलारू छप्पर, कडेचे दगड कपडे आपटून आपटून खोलगट झालेले. जावईबापू घडाघडा सांगू लागले, की हौद दोनशे वर्षांचा, अमुक दगडावर अमुक घराचा हक्क, आणि त्यावरून दोन जावांनी एकमेकींशी एकवीस वर्षं अबोला धरला होता. सगळे हसले. मी हसलो नाही. रोज टेबलाशी मान घालून रेघा ओढणाऱ्या माणसाला परगावच्या जावांची भांडणं कशी ठाऊक? शिवाय दर थोड्या वेळाने ते घड्याळ पाहत, खिशातून छोटी वही काढून पाठमोरे होऊन काहीतरी लिहीत आणि मला गोड आवाजात विचारत, "बाबा, इथं बसावंसं वाटतं का?" जावयाने सासऱ्याला इतक्या वेळा बसवलेलं तू कधी ऐकलं आहेस?

आणि मग घंटेच्या मनोऱ्यापाशी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मनोऱ्यासमोर एक लांबलचक पांढरं घर, पुढे बाकं, आणि बाकांवर माझ्या वयाची पाच माणसं ओळीने उन्हात बसलेली. दारावर पाटी, "खोल्या रिकाम्या आहेत." ताई, मी पाटी दोनदा वाचली. नवे बूट, पाठमोऱ्या नोंदी, "हेच का ते", सगळं एका माळेत ओवलं गेलं: हा वृद्धाश्रम, आणि मला इथं ठेवायचा बेत. मी मनोऱ्याच्या कट्ट्यावर बैठक मारली आणि इथून हलणार नाही असं जाहीर केलं. ही म्हणाली, "पाय दुखले का?" मी म्हटलं, "पाय नाहीत, डोळे दुखले. इतकं स्पष्ट दिसतंय." पाच मिनिटांनी बस आली आणि पाचही म्हातारे तिच्यात चढून निघून गेले. पण मी अशा पुराव्याने बधणारा नव्हे.

तेवढ्यात नातीला तहान लागली. जावईबापू तिला नळावर घेऊन गेले आणि त्यांचा कोट माझ्याशेजारी राहिला. खिशातून वही डोकावत होती. (दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळतं. मी उघडली नाही, ती माझ्या हातात उघडली.) तुला शब्दशः सांगतो. "बाबा – दर वीस मिनिटांनी बसतात. उतारावर कुरकुर. चढावर कोणाची तरी चूक काढायला दिली की चढ लक्षात येत नाही. मनोऱ्याच्या पायऱ्या – बाबांना नकोत. छोटी – हौदापाशी अर्धा तास रमते, उत्तम."

वही माझ्या खिशात घालून मी उठलो आणि सगळ्यांबरोबर पुढे निघालो. मनोऱ्याच्या पलीकडे एक जुनी शेड आहे, आत द्राक्षांचा रस काढायचं लाकडी दाबयंत्र, मांडीएवढ्या जाड स्क्रूचं. जावईबापू त्याची माहिती सांगू लागले तेव्हा मी वही वर धरली. "हा अहवाल कोणाकडे जायचा आहे? त्या पांढऱ्या घरात?"

"कुठलं घर?" त्यांना काही समजेना. मग त्यांनी वही ओळखली आणि खाली मान घातली.

"सांगून टाका आता," लेक म्हणाली.

"बाबा, माझी नोकरी गेली. तीन महिने झाले. कचेरीत आता नकाशे यंत्रच काढतं." ते दाबयंत्राच्या दांड्यावर हात ठेवून उभे होते, माझ्याकडे बघत नव्हते. "पहिला महिना मी हिलाही सांगितलं नाही. सकाळी डबा घेऊन निघायचो, समोर येईल ती बस पकडायचो आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जायचो. तो थांबा हा. मग नुसतं बसून काय करायचं, म्हणून चालायला लागलो. लोक बोलायला लागले, गोष्टी सांगायला लागले. आता वाटतं, घरंच्या घरं घेऊन अशा सहली काढाव्यात. म्हाताऱ्यांना, मुलांना जमतील अशा. पण वाट सोपी आहे हे मी कशावरून म्हणू? तुम्हाला पटलं तर जगाला पटेल."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"भीती वाटली," ते म्हणाले. "तुम्ही उजेडासमोर धराल म्हणून."

ताई, मी हिच्याकडे पाहिलं. ही माझ्या शेजारीच उभी होती आणि शेडच्या छपराकडे बघत होती. शेवटी मी वही त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "लिहून घ्या. हौदाची तिसरी पायरी हलते, म्हाताऱ्यांना डावीकडून न्या. पुलानंतर अर्धा तास सावली नाही, टोप्या घालायला आधीच सांगा. आणि बाटलीचा खांदा आणि माणसाचा गुडघा, दोन्ही उतारावरच दगा देतात, तेव्हा वाट उलट्या बाजूने चालवा." एकूण सतरा दोष काढले. त्यांनी एकूण एक लिहून घेतले. सतराव्याला त्यांचं अक्षर जरा बिघडलं. मग उरलेले दोन किलोमीटर मी एकदाही न बसता चाललो, नात साक्षीदार आहे. त्याचंच फळ गुडघा भोगतो आहे.

पहिली सहल पुढच्या रविवारी आहे, दोन कुटुंबं येणार आहेत, आणि मी शेवटी चालणार आहे. शेवटच्या माणसाला सगळ्यांवर नजर ठेवता येते.

डोळ्याला जपावे, चष्म्याशिवाय भांडू नये.

तुझा,
धाकटा

ता. क. मुख्य गोष्ट लिहायची राहिलीच. माझ्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी रंगाच्या कारखान्यातून मला काढलं होतं, आणि बाटल्यांच्या कारखान्यात लागेपर्यंत पाच महिने मी रोज डबा घेऊन सार्वजनिक बागेत बसत होतो, हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. जावईबापू बोलत होते तेव्हा ते माझ्या ओठांवर आलं होतं, पण ही शेजारी होती. त्यांना हे कळायला हवं, आणि मला काही ते सांगवत नाही. तर तू त्यांना फोन करून सहज विषय निघाल्यासारखं सांग. हिला यातलं अक्षर कळता कामा नये. वाचल्यावर पत्र फाडून टाक.

ता. क. वन्सं, नमस्कार. पत्र टपालात टाकायला यांनी माझ्याच हाती दिलं आणि पाकीट चिकटवायचं विसरले. बागेचं मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. रंगाच्या कारखान्यातून येणाऱ्या माणसाच्या बाह्या स्वच्छ, आणि पाठीवर मात्र ताज्या रंगवलेल्या बाकाच्या हिरव्या पट्ट्या! विचारणार होते, मग म्हटलं सांगतील तेव्हा सांगतील. त्याला आता अडतीस वर्षं झाली. जावईबापूंना मी रविवारी परतताना बसमध्ये, हे घोरत होते तेव्हाच सगळं सांगितलं, तेव्हा तुम्ही फोनची तसदी घेऊ नका. यांना मात्र कळू देऊ नका. साऱ्या जगावर संशय घेत आले, माझ्यावर तेवढा कधी घेतला नाही. ते तसंच राहू दे.