फणसाची एकच फळी

उलवे, ४ जानेवारी २०२५

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

विजेच्या करवतीने तुझे कान नेले, म्हणून फोन सोडून हे पत्र. माझ्या लेकीला, निवेदिताला सातवा महिना सरत आला, दुपटी शिवायला घेतली आहेत. माझा जीव मात्र तुझ्या कारखान्यात अडकलाय. वादळात पडलेल्या आईच्या फणसाची तेवढीच एक फळी उरली. आपल्या घरच्या पाळण्याच्या कठड्याला बारा गज असतात आणि तू कळवतोस, अकराच निघतील, कारण तुझं जाड पातं दर कापाला सव्वातीन मिलिमीटर लाकूड खातं. आईचं झाड असं भुशात घालवायचं? पातळ पातं कुरिअरने धाडलंय. ते जवळजवळ निम्मंच खातं. तेच लाव. हट्ट म्हण हवं तर.

कोकिळावहिनींना नमस्कार. लोभ आहेच, या वेळी ऐकलंस तर वाढेलही.
तुझी कुमुद

हरिहरेश्वर, १३ जानेवारी

चि. सौ. कुमुद हिस अनेक आशीर्वाद.

पातं पोचलं. कापलेलं लाकूड मिटून पात्याला आवळू नये म्हणून पात्यामागे पोलादी पट्टी असते. माझी पट्टी जाड पात्याच्या मापाची, पातळ कापात ती शिरेना. तुझे बारा गज डोळ्यांपुढे होते, म्हणून मी पट्टीच काढून ठेवली. चाळीस वर्षं या धंद्यात घालवून ही अक्कल!

नशीब, आधी आंब्याचा तुकडा घातला. तो अर्ध्यात मिटला आणि पात्याने उचलून माझ्यावर फेकला. बरगडीला मुका मार आहे. बोटं दहाच्या दहा. फळीला अजून हात लावलेला नाही. तुझी वहिनी तर कारखान्याची चावीच लपवून बसली आहे. बारा की अकरा, तूच कळव.

आशीर्वाद आहेतच, बरगडी दुखत असली तरी.
दादा

उलवे, १८ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचल्यापासून घास उतरत नाही. बारा बारा करत मी तुझ्याच जिवावर उठले होते. आधी ती पट्टी जागेवर बसव, मग जाड पातं लाव. अकरा तर अकरा! निवेदिता म्हणते, मामा धड हवा, पाळण्याचं बघू. वहिनींच्या मोबाइलवरून तुझ्या दोन्ही हातांचा फोटो पाठव, त्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

रागावू नकोस. लोभ कमी करू नकोस.
कुमुद

हरिहरेश्वर, ६ फेब्रुवारी

चि. सौ. कुमुद हिस अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला असेलच. जाड पातं फणसातून सरळ गेलं, जरा डगमगलं नाही. अकरा गज निघाले. मधलं अंतर थोडं वाढलं, पण सोललेला लहान नारळ घालून पाहिला, तो अडतो. तेव्हा बाळाच्या डोक्याची काळजी सोड.

भुसा पातेलंभर निघाला. मी टाकायला निघालो, तर हिने हात धरला. आई फणसाचा भुसा तुरटी घालून उकळायची आणि आपली झबली पिवळी करायची, आठवतं? हिने तसंच केलं. पाळण्याबरोबर एक पिवळं दुपटं येतंय. दोनदा धुतलं, रंग गेला नाही. बारशाला बाळाला त्यातच गुंडाळ, तुझा बारावा गज त्यात आहे.

लोभ असू दे, आणि हट्टही.
दादा