मीठ बरोबर हाये

बाबा, तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. नागपूरला शिकायला होते तेव्हा रोज संध्याकाळी फोन व्हायचा आणि तुम्ही एकच विचारायचात, "जेवली का व?" मी हो म्हटलं की फोन आईच्या हातात जायचा. लिहावं लागेल इतकं अंतर आपल्यात कधी पडलंच नाही. आता तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी स्वतः पोरांना स्वयंपाक शिकवते. आज दुपारचा तास रिकामा आहे, ओटे पुसून झालेत, आणि मी वहीची मधली पानं काढून बसले आहे.

तुमची आठवण आली की मला आधी वरठीचं कँटीन दिसतं. आपल्या ढिवरांच्या घरात सगळे वैनगंगेत जाळं टाकणारे, आई भंडाऱ्याच्या बाजारात मासळी विकणारी, आणि तुम्ही एकटेच कारखान्यातले आचारी. कारध्याचा पूल ओलांडून सायकलनं वरठीला जायचात. शाळेला सुटी असली की मला मागच्या कॅरियरवर बसवायचात. मी कांद्याच्या पोत्यावर बसून लसूण सोलते आहे, तुम्ही दोघांनी मिळून उचलावा लागेल अशा गंजातलं वरण ढवळता आहात, मध्येच पळीवरचा एक थेंब तळहाताच्या मागच्या बाजूला टाकून चाखता आहात. एकदा एक कामगार ताट घेऊन परत आला. "वरण फिकं हाये, दादा," म्हणाला. मी अकरा वर्षांची असेन. मी हसून म्हटलं, "माझ्या बाबाच्या कँटीनचं हाये, फिकं कसं राहीन?" तुम्ही पळी खाली ठेवली. "तू खाल्लं का त्याच्या ताटातलं? मंग कायले बोलते? खाणारा म्हणते तेच खरं." आणि त्या माणसाला म्हणालात, "चुकलं माझं. बसा, दुसरं देतो." परत येताना पुलावर मी तुम्हाला विचारलं, की ते वरण तर दुसऱ्या काकांनी केलं होतं, तुम्ही त्या वेळी भाजीजवळ होतात, मग तुमची चूक कशी? तुम्ही पायडल मारत म्हणालात, "कँटीन माझं हाये ना. मंग चूक बी माझीच." मला तेव्हा तुमचा राग आला होता. नको तिथं वाकणारा बाप, असं वाटलं होतं.

शेवटच्या वर्षाला होते तेव्हा माझी त्या स्पर्धेसाठी निवड झाली. देशोदेशीची स्वयंपाक शिकणारी पोरं, बँकॉकला तीन दिवस, आणि आमच्या कॉलेजातून मी एकटी. तुम्ही ही बातमी अड्याळपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना सांगितलीत. भंडाऱ्याहून माझ्यासाठी स्वयंपाकघरात घालायचे काळे बंद बूट आणलेत, न घसरणाऱ्या तळाचे, पण एक नंबर मोठे. मी म्हटलं, बाबा, मी एकवीस वर्षांची आहे. तुम्ही म्हणालात, "पाय वाढते अजून." पुढे कापूस कोंबून मी तेच घालून गेले. स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत आपल्या घरचा एक पदार्थ करायचा होता. माझ्या सरांनी बरंच काही सुचवलं होतं, पानात शोभेल असं. तुम्हाला विचारलं तर तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. "अंबाडीतले झिंगे. आन् भात. दुसरं काय होते आपल्या घरी?"

जायच्या आधीचे पंधरा दिवस मी घरी होते. रोज दुपारी चूल सोडून गॅसवर, घड्याळ लावून, एकेक गोष्ट तोलून मी तोच पदार्थ करायची. अंबाडी उकडून तिचं आंबट पाणी किती ठेवायचं, झिंगे कधी घालायचे, मिरची किती. तुम्ही पाटावर ताट घेऊन बसलेले. मी तुमच्या तोंडाकडे बघते आहे. तुम्ही एक घास घेता, तो गालाच्या एका बाजूला धरता, हळूहळू गिळता आणि लगेच पाण्याचा तांब्या उचलता. डोळ्यांत पाणी आलेलं असतं.

"तिखट झालं का?"

"नाई नाई. बरोबर हाये."

"आणि मीठ?"

"मीठ बरोबर हाये."

रोज हेच. एक दिवस माझा तोल गेला. मी म्हटलं, "बाबा, दोन घास खाऊन तांब्याभर पाणी पिता. आवडत नसेल तर तसं सांगा ना. कँटीनमध्ये शंभर लोकांचं चाखता आणि माझं एक ताट संपवत नाही." आई आतून म्हणाली, "दात दुखते त्याचा, नोको छळू." तुम्ही तिच्याकडे बघितलंत. मग तुम्ही ताट पुढे ओढलंत आणि सगळं संपवलंत. आंबट, तिखट, गरम. शेवटचा घास बोटांनी पुसून घेतलात. मी समाधानानं वहीत लिहिलं की आजचं प्रमाण पक्कं.

जिभेच्या डाव्या कडेला तुम्हाला आठ महिन्यांपासून जखम होती. कित्येक वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ल्याचं फळ. आई रोज डॉक्टरकडे चला म्हणायची आणि तुम्ही तिला शपथ घातली होती की पोरगी परदेशी जाऊन येईपर्यंत घरात दवाखान्याचं नाव काढायचं नाही. हे मला नंतर कळलं. त्या पंधरा दिवसांत मी तुमच्या उघड्या जखमेवर रोज अंबाडी आणि मिरची वाढत होते आणि वर चव विचारत होते.

बँकॉकच्या पहिल्या दोन फेऱ्या चांगल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या दालनात वीस-बावीस ओटे, प्रत्येकावर एक पोर, समोर घड्याळ. अंबाडी शिजत आली तेव्हा मी मोजून ठेवलेलं मीठ घातलं. मला तो हात अजून दिसतो. तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरच्या मुलीचं उकळतं भांडं खाली पडलं, ती किंचाळली, लोक धावले, मीही दोन पावलं तिकडे गेले. परत आले तेव्हा मीठ घालायचं राहिलं असं वाटलं आणि मी डब्यातून पुन्हा तेवढंच घेतलं आणि घातलं. ताटात वाढायच्या आधी चाखलं आणि कळलं. चार मिनिटं उरली होती. गरम पाणी ओतलं, भात जास्त वाढला. परीक्षकांत एक वयस्क बाई होत्या, पहिल्या दोन फेऱ्यांत माझ्याकडे बघून हसलेल्या. त्यांनी एक चमचा घेतला, दुसरा घ्यायला उचलला आणि तसाच ठेवून दिला. "वास फार सुंदर आहे," एवढंच म्हणाल्या. पहिल्या दहांत माझं नाव नव्हतं.

संध्याकाळी तुम्हाला फोन केला. तुम्ही स्वतःच उचललात, फोनजवळच बसून होतात.

"काय झालं व, माय?"

मी रडत होते. मला सांगायचं होतं, बाबा. तोंड उघडलं तेव्हा खरंच सांगायचं होतं. पण निघालं ते वेगळंच. "मीठ जास्त झालं. तुम्ही तर रोज म्हणत होतात बरोबर आहे. तुमच्याच भरवशावर मी ते प्रमाण ठरवलं."

तुमचा आवाज आला, जड, शब्द तोंडात अडकल्यासारखा. "हो. माझं चुकलं, माय. माझ्या जिभेले चवच नाई राहिली. मले सांगाले पाहिजे होतं तुले."

त्याच वेळी मी बोलू शकले असते. नाही बाबा, तुमची जीभ बरोबर होती, प्रमाण बरोबर होतं, मी दोनदा घातलं. इतकंच. एक वाक्य. पण कुणीतरी चूक उचलली होती आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. मी नाक पुसलं आणि म्हटलं, "जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी तुम्ही आपणहून आईला म्हणालात, चल दवाखान्यात. आठ महिने जे तिच्या रडण्यानं झालं नाही ते माझ्या फोननं झालं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःची समजूत अशीच घातली, की माझ्या खोट्यामुळे निदान तुम्ही डॉक्टरकडे तरी गेलात. पण नागपूरच्या डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर पाठवून मला आणि आईला सांगितलं होतं की थोडं आधी आला असता तर गोष्ट वेगळी होती. आईनं तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

ऑपरेशनमध्ये जीभ जवळजवळ सगळी गेली. तुमच्या उशाशी एक पाटी असायची, त्यावर तुम्ही मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहायचात. नाकातल्या नळीतून पातळ पेज द्यावी लागे. मी ती शिजवून, दोनदा गाळून आणायची. नळीतून जाणाऱ्या पेजेला चव कसली, पण तुम्ही दर वेळी हात वर करून मला थांबवायचात आणि पाटीवर लिहायचात, मीठ टाकलं का? मी मान हलवली की मगच नळी धरू द्यायचात.

एका दुपारी आई खाली औषध आणायला गेली होती. तुम्ही पाटी घेतलीत आणि बराच वेळ लिहीत राहिलात. मग माझ्याकडे वळवलीत. माझ्यानं तुझा नंबर गेला. मनात ठेवू नोको. खाली अजून काहीतरी लिहून पुसलेलं होतं. मी ती पाटी वाचली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तुमच्याकडे ऐकायला भरपूर वेळ होता आणि माझ्याकडे सांगायला. मी तुमच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि म्हटलं, "मी कधीच माफ केलं, बाबा. तुम्ही आराम करा."

तुम्ही डोळे मिटलेत. तुमचा चेहरा सैल झाला. मी तुम्हाला माफ केलं, बाबा. मी, तुम्हाला.

त्यानंतर तुम्ही चौदा महिने होतात. कारध्याच्या घरी ओसरीत बसायचात, आईनं बाजारातून परत आणलेली मासळी डोळ्यांनीच निवडून द्यायचात. मी दर आठवड्याला यायची. दर वेळी बसमध्ये ठरवायची, आज सांगायचं. आणि तुम्ही मला बघून इतके आनंदून उठायचात की मला वाटायचं, या माणसाला सांगून काय मिळणार, त्याचा त्रास तर संपला आहे. पण त्रास माझा संपला होता, बाबा. तुमचा नाही. शेवटच्या महिन्यात कँटीनचे जुने सोबती भेटायला आले तेव्हा तुम्ही त्यांना खुणेनं तेच सांगितलंत. आधी स्वतःच्या तोंडाकडे बोट, मग माझ्याकडे, मग नकाराचा हात. ते माझ्याकडे दयेनं बघत होते. मी चहा करायला आत निघून गेले.

आईला आजही तेच खरं वाटतं. परवा शेजारीण आली तर आई तिला सांगत होती, "जीभ गेली होती त्याची, पोट्टीचं नुकसान झालं. पण हिनं एका शब्दानं बोललं नाई बापाले." मी भात कालवत होते. मान वर केली नाही.

आणि आईचं तरी काय सांगू. काल आमच्या कॉलेजात कार्यक्रम होता. यंदा त्याच स्पर्धेसाठी माझी एक विद्यार्थिनी चालली आहे, पवनीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, फार शांत, फार चांगल्या हाताची. तिला निरोप द्यायला मला बोलायला उभं केलं. मी तुमची गोष्ट सांगितली. जिभेला जखम असताना मुलीसाठी रोज तिखट खाणारा बाप, त्याला चव कळत नव्हती म्हणून चुकलेलं मीठ, हरलेली मुलगी आणि तिनं केलेली माफी. मी ती दर वर्षी सांगते. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं मला आता येतं. पोरं रडली. टाळ्या पडल्या. कार्यक्रमानंतर ती मुलगी माझ्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्हाला त्यांचा राग नाही आला कधी?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "वडिलांवर कसला राग?"

ती पुढच्या आठवड्यात जाईल. आल्यावर सत्कार होईल, मला पुन्हा बोलायला सांगतील. हे सगळं इथं लिहून झालं आहे, त्यामुळे आता मला खरं सांगायला सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही झालेलं नाही. मी तीच गोष्ट सांगेन, बाबा.